भोपळा थर्माकोलचा नको, कापडाचा करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोष्टीतल्या पात्रांचे पोशाख ‘घरच्या घरी, स्वस्तात’ कसे करावेत यावरचा मजकूर कालच्या पुरवणीत वाचला. गॅदरिंगचे कपडे शिवणं हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून राहवत नाही. हा मजकूर लिहिणाऱ्याने यातलं काहीही करून पाहिलेलं नाही आणि मुलाच्या अंगावर चढवून तर नाहीच नाही.

म्हातारीच्या भोपळ्यासाठी थर्माकोलचे दोन अर्धगोल घ्या, फेव्हिबाँडने चिकटवा, वरून स्प्रे मारा, असं तुम्ही छापलंत. तो रबरी डिंक थर्माकोल खातो. जिथे लावाल तिथे खड्डा पडतो, कडा विरघळतात आणि जोड जिथे पक्का हवा तिथेच भगदाड पडतं. बाजारातले बहुतेक स्प्रे पेंटही तेच करतात. थर्माकोलला चालतो तो साधा पांढरा फेव्हिकॉल, पण दोन जाड तुकड्यांमध्ये त्याला हवा लागत नाही, म्हणून टाचण्या टोचून रात्रभर ठेवावं लागतं. यातलं एक अक्षरही मजकुरात नाही. शिवाय राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासून बंदी आहे, हे वर्तमानपत्राला मी सांगायचं का?

समजा, तो भोपळा झाला. तो घालून पाच वर्षांचं मूल बसणार कसं? आपला नंबर येईपर्यंत या मुलांना सतरंजीवर तास-दीड तास मांडी घालून बसवतात. त्यांना मध्येच शू लागते. विंगेच्या अरुंद दारातून जावं लागतं. कडक भोपळ्यात यातलं काहीच जमत नाही. मूल रडकुंडीला येतं आणि स्टेजवर गेल्यावर पाठ केलेलं सगळं विसरतं.

भोपळा कापडाचाच करावा. जुनी सिंगल चादर साधारण ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब असते. साडेतीन फूट उंचीच्या मुलाला त्यातला २८ इंचांचा एक तुकडा पुरतो, म्हणजे एका चादरीत तीन भोपळे निघतात. चादर केशरी नसेल तर रंगवता येते, पण ती सुती हवी. टेरिकॉटला घरगुती रंग धरत नाही, फिकट डाग तेवढे पडतात. रंगवल्यावर पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा, नाहीतर घामाने सगळा रंग मुलाच्या गळ्यावर उतरेल.

६० इंचांच्या बाजूची टोकं जोडून नळा करा. वर-खाली एकेक इंचाचा नेफा दुमडला की मध्ये २६ इंच कापड उरतं. आता महत्त्वाचं काम. भोपळ्याच्या खाचा रंगाने काढायच्या नाहीत, त्या शिवणीत आणायच्या. अर्धा इंच रुंद सुती फितीचे १८ इंचांचे आठ तुकडे घ्या, म्हणजे सगळे मिळून चार मीटरच्या आत. नळ्याच्या आतल्या बाजूला साडेसात इंचांवर एक, अशा आठ उभ्या रेघा मारा आणि प्रत्येक रेघेवर एक फीत, वरच्या नेफ्यापासून खालच्या नेफ्यापर्यंत, शिवा. कापड २६ इंच आणि फीत १८ इंच, त्यामुळे शिवताना कापड आपोआप चुणतं आणि दोन फितींच्या मध्ये फुगतं. भोपळ्याची फोड दिसते ती या फुगवट्याने. एक सांभाळायचं. फीत आणि कापड या दोन्हींचे चार-चार समान भाग करून खुणा जुळवा, टाचण्या लावा आणि मगच मशीन चालवा. नुसतं ओढत शिवत गेलं तर सगळ्या चुण्या तळाशी गोळा होतात आणि भोपळ्याची पिशवी होते.

वरच्या नेफ्यात १४ इंच इलॅस्टिक घाला. डोक्यातून जाण्याइतकं ते ताणतं आणि गळ्याशी आवळत नाही. तुमच्या मजकुरात गळ्याला नाडी ओवून मागे गाठ मारायला सांगितली आहे. ती नाडी मागच्या मुलाने ओढली किंवा खुर्चीत अडकली तर काय होईल, याचा विचार झाला होता का? लहान मुलाच्या पोशाखात गळ्याभोवती ओढली जाईल अशी कोणतीही दोरी नको. खालच्या नेफ्यात २८ इंच इलॅस्टिक घाला. त्याहून कमी घेतलं तर पावलं अडतात, जास्त घेतलं तर खालचा घेर सैल पडतो आणि भोपळ्याचा गोल आकार जातो. हातांसाठी दोन्ही बाजूंना, फोडीच्या बरोबर मधोमध, वरून चार इंच सोडून सात इंचांची उभी चीर द्या आणि तिला पट्टी लावा, नाहीतर पहिल्याच उडीला ती फाटत खाली जाते.

फुगवटा टिकावा म्हणून आत कागदाचे बोळे भरू नका. ते कुरकुरतात आणि दहा मिनिटांत तळाला बसतात. कापूस भरला तर मूल घामाने भिजतं. जुन्या नायलॉनच्या मच्छरदाणीची दहा इंच रुंद, तीन मीटर लांब पट्टी चुणून मधल्या उंचीवर आठही फितींना टाके घालून अडकवा. ती बसताना दबते आणि उठलं की पुन्हा फुगते. जाळी अंगाला टोचते, म्हणून आत सुती बनियन आणि हाफ पँट हवीच. आणि शाळेतल्या बाईंना आधी सांगून ठेवा, की या मुलाला पेटत्या समईजवळून नेऊ नका. नायलॉन पेटतं तेव्हा वितळून कातडीला चिकटतं. समई बहुतेक ठिकाणी स्टेजच्या कडेलाच, मुलं चढतात त्या पायऱ्यांशी ठेवलेली असते.

म्हातारीच्या केसांना पांढरी लोकर जुन्या कानटोपीवर टाकून शिवावी. डोक्यावर टाल्कम पावडर फासू नये, ती नाकातोंडात जाते. पदर म्हणून सुती ओढणी पुरते, लुगडं कापायची गरज नाही. इलॅस्टिक, फीत आणि लोकर मिळून खर्च दीडशे रुपयांच्या आत राहतो.

कावळ्याचे पंख क्रेपच्या कागदाचे करायला सांगितलेत. घाम लागला की त्या कागदाचा रंग हाताला लागतो आणि पंख गळून पडतो. घरात मोडकी काळी छत्री असते ना? तिचं कापड काड्यांवरून उसवून घ्या आणि शिवणीवरून बरोबर अर्धं कापा. आठ काड्यांच्या छत्रीत चार पाकळ्यांचा एक अर्धा भाग मिळतो. सरळ कड एका मनगटापासून मानेमागून दुसऱ्या मनगटापर्यंत येते आणि काड्यांच्या टोकांमधल्या वळणदार कडा पाठीवर लोंबतात, अगदी पिसांच्या टोकांसारख्या. वेगळं कातरायला नको, बाहेरची कड आधीच दुमडलेली असते. कड लांब वाटली तर मानेमागे चुणून घ्या. मनगटाला इलॅस्टिकची कडी लावा आणि खांद्यांवर काळ्या टीशर्टला चार टाके घाला. कापडाच्या टोकांना काड्यांच्या टोप्या शिवलेल्या असतात, त्या मात्र एकूण एक काढा, डोळ्यात जातात. उरलेल्या अर्ध्यात दुसरा कावळा होतो. चोच वेगळी नको. क्रिकेटच्या जुन्या टोपीच्या पुढच्या झापेवर काळं कापड त्रिकोणी शिवलं की झालं. तोंड मोकळं राहतं आणि मुलाचं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातं. तोंडावर मुखवटा चढवला की ते कुणालाच ऐकू येत नाही.

आता मुखवट्याचंच, कारण तिथली चूक सगळ्यात वाईट आहे. फुग्यावर कागद चिकटवायच्या खळीत ‘कीड लागू नये म्हणून मोरचूद घाला’ असं छापलं आहे. मोरचूद विषारी आहे. पोस्टर चिकटवायच्या खळीत ते घालतात म्हणून मुलाच्या ओठांना लागणाऱ्या मुखवट्यात घालायचं? चार दिवस वापरायच्या मुखवट्याला कीड लागत नाही. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळ्या न होऊ देता पारदर्शक दिसेपर्यंत शिजवायचं, बास. कागदाचे बोटभर रुंद तुकडे फाडून घ्या. कातरलेल्या कडा उठून दिसतात, फाटलेल्या बसतात. चार-पाच थर द्या आणि प्रत्येक थर सुकल्यावरच पुढचा चढवा. सुकवायला उन्हात ठेवू नका. फुगा तापून फुटतो आणि ओला गोळा आत बसतो. सावलीत, वारा लागेल अशा जागी टांगा. कागद तुमच्या मुख्य अंकाचा घ्यावा. पुरवणीचा गुळगुळीत कागद खळ पीत नाही, त्याचे पापुद्रे सुटतात.

जाता जाता शाळांबद्दलही लिहिते. गुरुवारी रात्री व्हॉट्सॲपवर ‘शनिवारी वेशभूषा स्पर्धा’ असा निरोप आला तर कोणती आई कापड शोधणार, शिवणार आणि मुखवटा सुकवणार? ती भाड्याच्या दुकानातच जाते. तिथे डिपॉझिट भरून मिळतो तो चमकीचा, न धुतलेला, दोन मापं मोठा वाघ. आणि परीक्षक नंबरही त्या चमकीलाच देतात. निदान पंधरा दिवस आधी कळवा आणि घरी केलेल्या पोशाखाला वेगळे गुण ठेवा, एवढं छापायला तुमच्या पुरवणीत जागा नक्की होती. अर्धं पान तर नुसत्या फोटोंनी भरलं आहे. त्यात बेतलेल्या तुकड्याची एक आकृती नाही, एक माप नाही.

पुढच्या महिन्यात बहुतेक शाळांची स्नेहसंमेलनं आहेत. बायका हे कात्रण फ्रिजवर लावून ठेवतात. मोरचुदाची आणि गळ्यातल्या नाडीची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच जागी, ठळक अक्षरांत छापावी ही विनंती. मापांच्या आकृत्या हव्या असतील तर काढून पाठवते, मानधन नको.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक, मिरज