कर्करोग तपासणी : दोष बायकांच्या माथी कशाला?

संपादक महोदय,

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी काहीही वाचायला घेतले की ‘महिलांमध्ये जागृतीचा अभाव’ हे वाक्य येतेच. मला ते पुरेसे वाटत नाही. माहिती असूनही तपासणीला न जाणाऱ्या बायका पुष्कळ आहेत आणि त्यांची कारणे ऐकली तर ती रास्त वाटतात.

मुळात काही दुखतच नसते. एचपीव्ही विषाणूमुळे पेशींत बदल सुरू झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा १५ ते २० वर्षे जातात. एवढा अवधी मिळतो म्हणून तर हा रोग टाळता येतो. पण त्या अवधीत बाईला कसलाच त्रास जाणवत नाही. दुखणीसुद्धा अंगावर काढणारी बाई न दुखणाऱ्या गोष्टीसाठी कामावर खाडा करून जाईल कशी?

त्यातून गेलीच, तर आडोसा नसलेली खोली, पुरुष डॉक्टर आणि काय करणार हे न सांगता आत घातलेले उपकरण वाट्याला येऊ शकते. असा अनुभव आलेली बाई पुन्हा फिरकत नाही, बहिणीलाही जाऊ देत नाही. अपंग स्त्रीला तर ते उंच टेबल चढणेच कठीण. तिचा विचार फारसा कोणी करत नाही.

सगळ्यात जाचक असतो तो संशय. एचपीव्ही लैंगिक संबंधांतून पसरतो, एवढेच सांगून थांबले की अहवालात तो सापडणे म्हणजे चारित्र्यावर डाग, असा अर्थ घरात लावला जातो. वास्तविक लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा संसर्ग कधी ना कधी होतो, बहुतेक वेळा एक-दोन वर्षांत आपोआप जातो आणि आज सापडलेला विषाणू कित्येक वर्षांपूर्वीचाही असू शकतो. हे तपासणीआधी सांगायला हवे, आणि नवऱ्यालाही.

स्वतःचा नमुना स्वतः घेण्याची सोय यातले बरेच अडथळे दूर करते. योनीतून बोळा फिरवून नमुना द्यायचा, बस्स. जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत मान्य केली आहे. तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही चाचणी पुरते, असेही ती सांगते. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२२ पासून तपासणीस पात्र असलेल्या सर्वांना हा पर्याय खुला केला. इतरत्र तो अजून सर्रास का मिळत नाही, हे मला कळत नाही.

मात्र नमुना घेऊन काम संपत नाही. अहवालाचा निरोप घरात सगळे हाताळतात त्या फोनवर गेला तर पुन्हा तोच संशय. निरोप आलाच नाही तर सगळे व्यर्थ. २०३० साठीच्या जागतिक उद्दिष्टात ७० टक्के स्त्रियांची तपासणी आहे, तसे दोष आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांवर उपचारही आहेत. पहिला आकडा मिरवला जातो. दुसरा तुमच्या वार्ताहरांनी प्रत्येक तपासणी शिबिरानंतर विचारावा आणि छापावा, ही विनंती.

– एक वाचक