फायबर साकवापाशी थांबलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयात इंटरनेटची फायबर केबल येऊन काही वर्षं झाली. सरकारी यादीत आमचं गाव 'जोडलेलं' आहे. मी राहते ती वाडी कार्यालयापासून दीड किलोमीटरवर, पऱ्याच्या म्हणजे ओढ्याच्या पलीकडे. पऱ्यावर साकव, म्हणजे छोटा पूल आहे आणि साकवाच्या अलीकडच्या फणसाला काळ्या केबलचं वेटोळं गेले दोन पावसाळे टांगलेलं आहे. टोकाला दुधाची पिशवी गुंडाळून चिकटपट्टी मारली आहे. या केबलवर दर मीटरला आकडा छापलेला असतो. परवा चष्मा लावून वेटोळ्याच्या दोन्ही टोकांचे आकडे वाचले आणि वजाबाकी केली. १८० मीटर. साकवापासून आमच्या वाडीतलं पहिलं घर १४० मीटरवर आहे. पुतण्याला टेप धरायला लावून तेही मोजून घेतलं.

जोडणीसाठी मी रीतसर अर्ज केला होता. पाहणीला आलेला मुलगा आमच्याच तालुक्यातला, कामाला चोख. साकवाजवळचा डबा उघडून त्याने मीटर लावला आणि म्हणाला, "काकू, सिग्नल फस्क्लास आहे. पण तुमच्या वाडीत तेवीस घरं, त्यांतली नऊच उघडी. निदान पंधरा कनेक्शन असल्याशिवाय पलीकडे जायचं नाही, असं साहेबांनी सांगितलंय." अर्जावर शेरा पडला, 'फिजिबल नाही', म्हणजे जमण्यासारखं नाही. त्या मुलाला मी दोष देत नाही.

खरोखर तांत्रिक अडचण असती तर हे पत्र लिहिलं नसतं. घरगुती फायबरमध्ये काचेचा एक धागा वाटेतल्या स्प्लिटरमधून, म्हणजे प्रकाश वाटून देणाऱ्या डबीतून, बत्तीस, कधी चौसष्ट घरांना वाटून देता येतो. वीस किलोमीटरपर्यंत तो पोचतो आणि मध्ये कुठेही वीज लागत नाही. वीज लागते ती फक्त दोन टोकांना. म्हणजे जे तंत्र वीस किलोमीटर जातं, ते आमच्याकडे १४० मीटरसाठी अडलं आहे.

ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, तेव्हा दोन वर्षांची मुदत होती. पुढे तिचं नाव 'भारतनेट' झालं, राज्यात 'महानेट' आलं. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून सांगितलं गेलं की, एक हजार दिवसांत देशातल्या सहा लाखांहून अधिक गावांत फायबर पोचेल. ते हजार दिवस मे २०२३ मध्ये संपले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुधारित भारतनेटसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले आणि पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांना जोडणी देण्याचं ठरलं. जोडलेल्या पंचायतींचा आकडा आज दोन लाखांच्या पुढे आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की, मोजणी पंचायतींची का करता? घरांची करा.

देशावर गावठाण बहुधा एका जागी असतं. पंचायतीत केबल आली की घरं हाकेच्या अंतरावर. कोकणातलं गाव तसं नाही. आमच्या एका पंचायतीत अकरा वाड्या आहेत. एक खाडीकाठी, दोन सड्यावर म्हणजे वरच्या कातळपठारावर, बाकीच्या डोंगरउतारावर. आमच्या वाडीला तर रस्ताही नाही, जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट आहे. कार्यालयातल्या कपाटात एक खोकं लुकलुकलं म्हणून हे गाव जोडलं जात नाही. आणि लाइट गेली की तेही लुकलुकत नाही.

इथलं काम कठीण आहे, हे मला कबूल आहे. कातळात दीड मीटर चर खणणं सोपं नाही. महामार्गाचं चौपदरीकरण, नळपाणी योजनेचे पाइप, साइडपट्टीचं काम, यांतल्या कुठल्याही जेसीबीने केबल तोडली की गाव पंधरा दिवस बंद. खोदण्याआधी केबलवाल्यांना कळवावं म्हणून केंद्राने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलं. जेसीबीवाल्याला ते वापरायला लावणं ठेकेदाराच्या करारातच हवं. वाड्यांत मात्र चर खणायचा हट्टच नको. खांबावरून केबल न्या. 'निसर्ग' वादळात, ३ जून २०२० ला, आमच्याकडचे खांब आणि माड एकत्रच आडवे झाले, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तरीही सांगते, तुटलेली वरची केबल दोन पोरं दिवसभरात परत ओढू शकतात. त्यासाठी स्प्लाइसिंग येणारी मुलं तालुक्यातच हवीत. आज जोड मारायला दूरवरून माणूस येतो, तोवर आठवडा जातो.

आता त्या बंद घरांविषयी, कारण माझा जीव तिथेच तुटतो. घरं बंद म्हणून फायबर नाही, असं सांगतात. पण ती बंद का आहेत? २०२० च्या टाळेबंदीत चौदाच्या चौदा कुलपं उघडली होती. माझा मुलगा सून-नातवासह ठाण्याहून आला. रोज सकाळी लॅपटॉप घेऊन सड्यावर जायचा, कारण रेंज तिथेच. पावसात छत्री धरून बैठका केल्या. घरून काम करायची मुभा त्याला आजही आहे. तो म्हणतो, "आई, नेट असतं तर शिमग्याला आलो की गणपतीपर्यंत परत गेलोच नसतो." शेजारच्या घरीही हेच. पंधरा कनेक्शन मागता, पण ती पंधरा माणसं फायबर आल्यावर येणार आहेत, आधी नाही.

जी उघडी आहेत त्यांचं काय? २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. शेजारच्या मुलीला त्या अर्जासाठी एसटीने तीनदा दापोलीला जावं लागलं. तिच्या आईची तीन दिवसांची मजुरी बुडाली. मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. एवढ्याशा गोष्टीत मूल मागे पडलेलं मला पाहवत नाही.

'परवडत नाही' हे उत्तर मला मान्य नाही. न परवडणाऱ्या ठिकाणी सेवा पोचावी म्हणूनच दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून पाच टक्के आकारणी घेतली जाते. आता त्या निधीचं नाव 'डिजिटल भारत निधी' आहे. तो शेवटी तुमच्या-आमच्या रिचार्जमधूनच जमतो. नऊ उघड्या घरांची वाडी त्यातून जोडायची नाही, तर कोणती जोडायची?

जिल्हा प्रशासनाला माझी विनंती आहे की, १ मेच्या ग्रामसभेत प्रत्येक पंचायतीने वाडीवार यादी वाचून दाखवावी: घरं किती, जोडणी मागितली किती जणांनी, मिळाली किती जणांना, आणि नाकारली तर कोणी व कशासाठी. आमच्या साकवापलीकडे तीन खांब लागतील. दोघांनी आपल्या जागेतून खांब न्यायला लेखी संमती दिली आहे. तिसरी जागा माझीच. जूनमध्ये पऱ्याला पाणी आलं की खांब पलीकडे नेता येत नाहीत. हे काम मे महिन्यातच व्हायला हवं.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
ता. दापोली, जि. रत्नागिरी