'शिक्षण' या शब्दाचे १८ बाइट

प्रति,
संपादक महोदय,

दहावी-बारावीचे निकाल लागले की शैक्षणिक पुरवण्यांत 'संगणक क्षेत्रातील नवे प्रवाह' असा एक लेख हमखास येतो. आपल्या पुरवणीतही यंदा आला. कृत्रिम बुद्धिमत्ता, ब्लॉकचेन, क्वांटम, क्लाउड, इंटरनेट ऑफ थिंग्ज. प्रत्येकाच्या वाट्याला चार ओळी आणि शेवटी 'या क्षेत्रात प्रचंड संधी आहेत'. मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवतो. मुलांनी तो लेख कापून सूचनाफलकावर लावला आणि दुसऱ्या दिवशी एकाने विचारले, "सर, ह्यातलं नेमकं शिकायचं काय?"

लेखकाला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही, कारण अशा याद्या मीही पाठ करून घेतल्या आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुकने कंपनीचे नाव बदलून मेटा केले. त्या लाटेत आमच्याकडे मेटाव्हर्सवर दोन दिवसांची कार्यशाळा झाली. प्रमाणपत्रे वाटली, चहा-वडापाव झाला. आता त्या मुलांना मेटाव्हर्स म्हणजे काय असे विचारायचीही सोय नाही. उत्तर येणार नाही, आणि मलाही धड देता येणार नाही.

म्हणून यंदा यादी बाजूला ठेवून एकच शब्द घेतला, 'शिक्षण'. मुलांना आधी नोटपॅडमध्ये 'एज्युकेशन' हा शब्द रोमन लिपीत लिहून फाइल सेव्ह करायला लावली. प्रॉपर्टीज उघडल्या, तर ९ बाइट (बाइट म्हणजे फाइलचा आकार मोजण्याचे एकक). अक्षरेही नऊच, हिशेब जुळला. मग देवनागरीत 'शिक्षण' लिहिले. डोळ्यांना अक्षरे तीनच दिसतात, पण फाइल भरली १८ बाइटची! दोघा-तिघांनी पुसून पुन्हा लिहिले, पुन्हा १८. मग फळ्यावर शब्द फोडला: श, वेलांटी, क, हलन्त, ष, ण. संगणकाच्या लेखी ही सहा चिन्हे, आणि अक्षरे साठवण्याच्या युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर मात्र २१ आले. तिथले जुने नोटपॅड फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची खूण आपणहून चिकटवते, हे शोधण्यात अख्खा तास गेला. वर्षभरातला माझा सगळ्यात चांगला तास तोच.

यातून थेट चॅटजीपीटीपर्यंत जाता येते. भाषेची ही मॉडेल्स आपण वाचतो तसे शब्द वाचत नाहीत. मजकुराचे आधी तुकडे पाडतात, त्यांना टोकन म्हणतात, आणि पुढचा तुकडा कोणता येईल याचा अंदाज बांधत जातात. जे अक्षरसमूह मॉडेलला शिकवताना वापरलेल्या मजकुरात वारंवार येतात, त्यांचा एकेक अखंड तुकडा होतो. तो मजकूर बहुतांशी इंग्रजी, त्यामुळे इंग्रजी शब्द सहसा अखंड राहतो आणि मराठी शब्दाचा भुगा होतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ हे नवे मॉडेल आणताना स्वतःच एक नमुना दिला होता. त्यात मराठी मजकुराचे तुकडे ९६ वरून ३३ वर आले, तर तोच मजकूर इंग्रजीत २७ वरून २४ वर. या मॉडेल्सवर कोणी ॲप बांधले तर पैसे तुकड्यांवर मोजावे लागतात. म्हणजे आधीच्या पद्धतीत तेच वाक्य मराठीत बोलायला साडेतीन पट भुर्दंड होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून आपण पेढे वाटले. मराठीचे तुकडे घटल्याच्या या बातमीची मात्र पुरवणीत ओळसुद्धा आल्याचे मला आठवत नाही.

दुसरा धडा बारावीच्या गणितातच पडून आहे. 'मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा उपयोग काय?' हा प्रश्न दरवर्षी येतो. २०१२ मध्ये टोरंटो विद्यापीठातल्या तिघांनी चित्रे ओळखण्याची स्पर्धा मोठ्या फरकाने जिंकली, ती गेम खेळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या दोन ग्राफिक्स कार्डांवर आपले मॉडेल शिकवून. असली कार्डे साधे गुणाकार-बेरजा एका वेळी हजारोंनी करतात, मॅट्रिक्सचा गुणाकार म्हणजेही तेच, आणि या मॉडेल्सच्या पोटात मुख्यतः तेच चालते. त्या तिघांतले जेफ्री हिंटन यांना २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. गेमचे वेड असलेल्या पोरांना हे सांगितले की ती मॅट्रिक्सचे पान उघडतात. निदान त्या दिवशी तरी.

क्वांटमबद्दल मी थोडक्यात आटपतो. पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला तर इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवायला आज सर्रास वापरले जाणारे आरएसए हे कुलूप तुटू शकते, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवले. चोर यायच्या आधी कुलूप बदलावे म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या कुलपांची मानके जाहीर केली. आमच्या प्रयोगशाळेत यातले करून पाहण्यासारखे काही नाही, तेव्हा तेवढ्यावर थांबतो.

आपल्याला विनंती एवढीच, की अशा लेखाशेजारी दर आठवड्याला 'करून पाहा' अशी पाव रकान्याची चौकट द्यावी. घरच्या किंवा शाळेच्या साध्या संगणकावर, इंटरनेटशिवाय, अर्ध्या तासात होईल असे एक काम त्यात असावे. पहिली चौकट मी लिहून पाठवतो, मानधन नको. फक्त छापताना तळटीप जरूर घाला: जुन्या नोटपॅडवर १८ ऐवजी २१ येतील, फाइल बिघडली असे समजू नये.

(नाव छापू नये ही विनंती)

– एक संगणक शिक्षक, बार्शी, जि. सोलापूर