पुरावा म्हणून कात्रण जोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बालशौर्य पुरस्कारांवरचा कालचा अग्रलेख वाचला. अशा मुलांना समाजानेच हुडकून काढावे, असा आपला सल्ला आहे. मी एकदा हुडकून पाहिले आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी मुख्याध्यापक असताना आमच्या सातवीतल्या मुलीने पाटात वाहून चाललेली दोन पोरे वाचवली. तिला स्वतःला पोहता येत नव्हते. काठावर पालथी पडून तिने धुण्यातले लुगडे पाण्यात फेकले. थोरल्याने टोक धरले, धाकटा त्याच्या गळ्यात. खांदा निखळला तरी तिने लुगडे सोडले नाही.

मी बालशौर्य पुरस्कार देणाऱ्या भारतीय बालकल्याण परिषदेचा अर्ज भरायला घेतला. शिफारशी मिळाल्या. पुरावा म्हणून पोलिसांतली नोंद किंवा वर्तमानपत्राचे कात्रण हवे होते. हवालदार म्हणाले, "गुरुजी, कुणी मेलंच नाही, तर नोंद कसली करू?" राहिले कात्रण. बातमी आपल्याच अंकात होती, आतल्या पानावर चार ओळी : ग्रामस्थांच्या प्रसंगावधानाने दोन बालके बचावली. ग्रामस्थ! ते धावत आले तेव्हा पोरे पाणी ओकून रडायलाही लागली होती. खुलासा छापावा म्हणून मी दोन पत्रे पाठवली. पोच नाही. अर्ज माझ्या टेबलाच्या खणातच राहिला.

हे पुरस्कार ज्या घटनेतून सुरू झाले, तिचा १९५७ सालचा दाखला आपण दिलात, तो योग्यच. हरिश्चंद्र मेहरा या १४ वर्षांच्या स्काउटने रामलीला मैदानावर पेटता शामियाना चाकूने कापला, तेव्हा तिथे खुद्द पंडित नेहरू होते. त्या मुलाचे शौर्य निर्विवाद आहे. पण पाटाच्या काठी पंतप्रधान बसत नाहीत हो.

आता पंतप्रधान राष्ट्रीय बाल पुरस्कारासाठी मुले स्वतःच ऑनलाइन अर्ज करू शकतात, याचे आपल्याला कोण कौतुक! त्यात शौर्याच्या जोडीला खेळ, कला, विज्ञानही आहे. खेळाडूकडे प्रमाणपत्रांची फाइल असते. आमची ही मुलगी मला म्हणाली होती, "मी काय केलं गुरुजी, लुगडंच तर टाकलं." ती स्वतःच्या शौर्याचा अर्ज भरणार?

जाता जाता : कालच्याच अंकात गुणवंत मुलांच्या सत्काराचा फोटो आहे. खाली सोफ्यावरच्या पाचही पाहुण्यांची नावे हुद्द्यांसकट दिली आहेत. मागे उभी असलेली मुले 'आदी'मध्ये गेली.

त्या जुन्या अंकाची तारीख माझ्याकडे आहे. खुलासा आजही चालेल.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक