रायली हॉलिंग्सवर्थ साहेबांना, न्यू जर्सीहून आभाराचं पत्र

आदरणीय हॉलिंग्सवर्थ साहेब,

सादर नमस्कार.

आपली कधी भेट झालेली नाही. १९९८पासून दहा वर्षं तुम्ही अमेरिकन सरकारतर्फे हॅम रेडिओचे, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं चालवायच्या रेडिओचे, नियम पाळले जातात की नाही ते पाहिलंत, पण माझ्या किंवा माझ्या बायकोच्या नावाचा एकही कागद तुमच्या गेटिसबर्गच्या कार्यालयात कधी आला नसेल. तरीही आमच्या घरी हॅम रेडिओ आज चालू आहे, त्यात तुमचा वाटा मोठा आहे. तो नेमका कोणता, हे चारचौघांत सांगावं म्हणून हे खुलं पत्र. मराठीत लिहितोय, कारण हॅमची परीक्षा देणारी मराठी मुलं आता पुण्यामुंबईतही भेटतात आणि इथे अमेरिकेतही, आणि बँडवर, म्हणजे हॅमसाठी राखलेल्या लहरींच्या पट्ट्यावर, आज जे निवांत बोलता येतं ते आपोआप झालेलं नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. तुम्हाला इंग्रजी तर्जुमा वेगळा पाठवीन.

१९९८च्या आधीची परिस्थिती या मुलांना माहीत नाही. नव्वदच्या दशकात फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननं, म्हणजे एफसीसीनं, आपली बरीच क्षेत्रीय कार्यालयं आणि निरीक्षण केंद्रं बंद केली. नियम होते तसेच होते. प्रत्येक संभाषणाच्या शेवटी आणि दर १० मिनिटांनी आपला कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव, सांगायचा, कुणाच्या बोलण्यात जाणूनबुजून अडथळा आणायचा नाही, कुठलीही फ्रिक्वेन्सी कुणा एकाच्या मालकीची नाही. सगळं एफसीसीच्या नियमावलीतल्या भाग ९७मध्ये छापलेलं होतं. पण ऐकणारं कुणी नव्हतं, आणि ज्यांना हे कळायला हवं होतं त्यांना ते बरोबर कळलं होतं. २० मीटरच्या बँडवर १४.३१३ मेगाहर्ट्झला रात्री जे चालायचं ते घरात मुलं असताना स्पीकरवर ऐकण्यासारखं नव्हतं. शिव्या, रेकॉर्ड केलेले आवाज, दुसऱ्याच्या बोलण्यावर नुसता कॅरिअर, म्हणजे बिनआवाजाचा सिग्नल, दाबून धरणं. जुनीजाणती माणसं रेडिओ बंद करून झोपी जायची.

अशात बातमी आली, की हॅम रेडिओच्या नियमांची अंमलबजावणी आता एका वकिलाकडे दिली आहे, आणि हा वकील स्वतः हॅम आहे. त्या दिवसांत एअरवर काय काय ऐकलं ते अजून डोक्यात आहे. काहींना इतका आनंद झाला की बोलताना त्यांचा आवाज कापत होता. काहींनी ‘सरकारी पोलीस आले’ म्हणून बोंब मारली. बरेच जण म्हणाले, सहा महिने थांबा, हेही थंड होईल. आणि काहीजण, हे मला फार बोलकं वाटलं, एका रात्रीत आपला कॉलसाइन स्पष्ट सांगायला लागले. तोवर तुमचं एक पत्रही कुणाला गेलेलं नव्हतं. कुणीतरी ऐकतंय, एवढंच पुरलं.

मी स्वतः शंका घेणाऱ्यांत होतो. भारतात वाढलेल्या माणसाला ‘कारवाई केली जाईल’ या वाक्याची सवय असते. मग तुमची पत्रं प्रसिद्ध व्हायला लागली आणि मी ती एकेक करून वाचायला लागलो. पहिलं पत्र बहुतेकदा फक्त विचारणा करणारं असायचं. तुमच्याबद्दल अशी तक्रार आली आहे, नियम असा आहे, तुमचं म्हणणं काय ते कळवा. त्यात आरडाओरडा नव्हता आणि धाकदपटशाही नव्हता. पण पुढे काय होऊ शकतं, दंड किती, परवाना कसा जाऊ शकतो, हे सरळ शब्दांत असायचं. परीक्षेत गडबड झाल्याचा संशय असेल तर पुन्हा परीक्षेला बोलावणं यायचं, आणि जो आला नाही त्याचा परवाना रद्द व्हायचा.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगतो.

माझी बायको सांगलीत शाळेत विज्ञान शिकवायची. इथे आल्यावर माझ्यामागोमाग तिनं टेक्निशियनची, म्हणजे पहिल्या पायरीच्या परवान्याची, परीक्षा दिली. ३५ प्रश्नांपैकी २६ बरोबर यावे लागतात. तिला माझ्यापेक्षा जास्त गुण मिळाले. दोन मीटर बँडचा हातातला सेट घेऊन ती संध्याकाळी गावच्या रिपीटरवर, म्हणजे छोट्या सेटचा आवाज लांबवर पोचवणाऱ्या केंद्रावर, बोलायला लागली. दोनचार आठवडे बरे गेले. मग एक माणूस यायला लागला. कॉलसाइन सांगायचा नाही. ती बोलायला लागली की तिच्या इंग्रजीची नक्कल करायचा, ‘व’ आणि ‘डब्ल्यू’ मुद्दाम ओढून. ती थांबली की तोही थांबायचा. ती पुन्हा बोलली की हा कॅरिअर टाकून बसायचा. बाकीचे लोक गप्प. तिनं एकदा शांतपणे सेट बंद केला, चार्जरवर लावला, आणि त्यानंतर बरेच महिने तो तिथेच राहिला. मी विषय काढला की म्हणायची, ‘मला शिकायचं होतं ते शिकून झालं.’ तसं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

रिपीटर सांभाळणारे गृहस्थ भले होते, पण त्यांना वाटायचं, हवा सगळ्यांची आहे, आपण कुणाला येऊ नको कसं म्हणणार? त्याचं उत्तर त्यांना तुमच्या पत्रांत सापडलं. रिपीटरच्या मालकानं एखाद्याला ‘माझा रिपीटर वापरू नका’ असं सांगितलं, तर ते त्या माणसाला पाळावं लागतं, हे तुम्ही देशभरच्या लोकांना पुन्हापुन्हा लिहिलं होतंत. नियम आधीपासून तसाच होता. पण एफसीसीचा माणूस त्यामागे उभा राहील, याची खात्री कुणालाच नव्हती. आमच्या या गृहस्थांनी तुमची दोन पत्रं छापून काढली. दिशा शोधणाऱ्या अँटेनांनी क्लबच्या लोकांनी त्या माणसाचं घर आधीच हेरलं होतं. त्याला रजिस्टर्ड टपालानं एक पानाचं पत्र गेलं, सोबत तुमच्या पत्रांच्या प्रती. तो पुन्हा आला नाही. तक्रार तुमच्यापर्यंत न्यावीच लागली नाही.

बायकोनं सेट पुन्हा हातात घेतला तेव्हा मी घरी नव्हतो. मला गाडीत, रिपीटरवरच, तिचा कॉलसाइन ऐकू आला. हे ज्याचं त्याला कळेल, साहेब, मी जास्त लिहीत नाही.

दुसरा प्रसंग विजेच्या तारांचा. हा मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण अंमलबजावणी म्हटलं की लोकांना फक्त शिवीगाळ करणारे आणि जॅमिंग करणारे आठवतात. आमच्याकडे २० मीटरवर एक भाजल्यासारखी घरघर सुरू झाली. सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरचा काटा ९वर. भारतातले स्टेशन तर सोडाच, शेजारच्या राज्यातलेही त्याखाली बुडून जायचे. गंमत अशी की पाऊस पडला की घरघर गायब, ऊन पडलं की पुन्हा हजर. तिथेच ओळखावं, की खांबावर कुठेतरी धातूला धातू नीट टेकलेला नाही आणि मधल्या बारीक फटीत ठिणगी उडतेय. ओल आली की फट भरून निघते. आधी खिशातला एएम रेडिओ घेऊन फिरलो, पण तो सगळ्या रस्त्याभर तारेखाली खरखरत राहिला. मग क्लबमधल्या एकानं विमानांच्या बँडचा रिसीव्हर आणि हातात धरायचा छोटा यागी, म्हणजे एका दिशेचं ऐकणारा अँटेना, दिला. फ्रिक्वेन्सी जितकी वर, तितका आवाज फक्त उगमाजवळच ऐकू येतो. तसं करत करत एका खांबापाशी आलो. आडव्या दांड्याला धरणारा बोल्ट सैल झाला होता.

वीज कंपनीला कळवलं. उत्तर आलं नाही. पुन्हा कळवलं, तेव्हा एका बाईंनी फोनवर विचारलं, ‘घरात वीज आहे ना तुमच्या?’ तुम्ही देशातल्या अनेक वीज कंपन्यांना पत्रं लिहिली होतीत, की तुमच्या तारांमुळे परवानाधारकाच्या संदेशवहनात घातक अडथळा येत असेल तर तो दूर करणं ही तुमची जबाबदारी आहे. त्यातलं एक मी माझ्या तिसऱ्या अर्जाला जोडलं, खांबाचा क्रमांक लिहिला, फोटो लावला. या वेळी मात्र बकेट ट्रक आला. वर चढलेल्या माणसानं पाना फिरवला, आणि खाली माझ्या हातातला रिसीव्हर एकदम शांत झाला. त्या लाइनमनचेही मी इथे आभार मानतो. त्यानं आपण होऊन शेजारचे दोन खांबही तपासले.

ट्रकचालक बेकायदा सेटवरून १० मीटरच्या बँडमध्ये यायचे, तर तुम्ही वाहतूक कंपन्यांना आणि असे सेट विकणाऱ्या ट्रक स्टॉपना लिहिलंत. मुळावर घाव घातलात. लॉस एंजेलिसच्या भागात एक माणूस परवाना नसताना वर्षानुवर्षं जॅमिंग करत राहिला, त्याला २००६मध्ये न्यायालयानं सात वर्षांची शिक्षा दिली. तिथवर जाण्याची वेळ फार थोड्यांवर आली, हेच मला तुमच्या कामाचं खरं यश वाटतं.

एका बाबतीत लोकांचं तुमच्याविषयी वेगळं मत होतं, तेही लिहायला हवं. पत्रं नावानिशी प्रसिद्ध करणं हे माणसाला चव्हाट्यावर आणणं आहे, आरोप सिद्ध व्हायच्या आत, असं काही चांगली माणसंही म्हणायची. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पण ती पत्रं कपाटात राहिली असती, तर आमच्या रिपीटरवाल्यांना ती मिळाली नसती आणि माझ्या तिसऱ्या अर्जाला जोडायला माझ्याकडे काही नसतं. सहा लाखांहून जास्त परवानाधारक, आणि त्यांच्यासाठी तुम्ही जवळजवळ एकटे. एकट्या माणसाचं पत्र सगळ्यांनी वाचल्याशिवाय ते इतकं लांब पोचलं नसतं.

शांत फ्रिक्वेन्सी कशासाठी लागते, हे आम्हा भारतीयांना डिसेंबर २००४मध्ये कळलं. भारतातल्या हॅम भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते, आणि त्सुनामी आली. अंदमानातले फोन बंद पडले, तेव्हा त्यांच्या रेडिओवरून निरोप जायला लागले. पुढच्या वर्षी कतरीना वादळ आलं, तेव्हा हरिकेन वॉच नेट, म्हणजे वादळाच्या वेळी ठरल्या फ्रिक्वेन्सीवर जमणारा हॅमचा गट, १४.३२५ मेगाहर्ट्झवर तासन् तास चालू होता. अशा वेळी मध्येच कॅरिअर टाकणारा एक माणूसही परवडत नाही. हे नेट १९६५पासून आहे, ते चालवणारे सगळे स्वयंसेवक. त्यांच्या पाठीशी कुणीतरी असणं फार गरजेचं होतं.

२००८मध्ये तुम्ही निवृत्त झालात. पुढच्या वर्षी लॉरा स्मिथ त्या जागी आल्या, आणि एअरवर पुन्हा तेच सगळं ऐकू आलं. कुणी म्हणे आता ढिलाई येणार, कुणी म्हणे बघू, कुणी तुमच्याशी तुलना करत बसले. मला मात्र हायसं वाटलं होतं. माणूस गेला तरी खुर्ची राहिली, याचा अर्थ तुमचं काम एका माणसाच्या उत्साहावर उभं नव्हतं. २०१५मध्ये एफसीसीनं आणखी क्षेत्रीय कार्यालयं बंद करायचं ठरवलं तेव्हा पुन्हा काळजी वाटली. आणि २०१९मध्ये एफसीसी आणि हॅमची राष्ट्रीय संघटना अमेरिकन रेडिओ रिले लीग यांचा करार झाला, स्वयंसेवी निरीक्षकांचा कार्यक्रम ठरला, त्याची घडी बसवायला तुम्ही परत आलात. निवृत्त माणसानं आपल्या शेतीवाडीत रमावं, नातवंडांशी खेळावं. तुम्ही पुन्हा लोकांच्या तक्रारी वाचायला बसलात.

त्या कार्यक्रमातली एक गोष्ट मला विशेष आवडते. निरीक्षक चुकणाऱ्यांची नोंद घेतातच, पण चांगलं काम करणाऱ्यांनाही शाबासकीचं पत्र जातं. नवख्याला सांभाळून घेणारा, नेट नीट चालवणारा, अशांना. आमच्या क्लबातल्या एका वयस्कर सभासदाला असं पत्र आलं. त्यांनी ते चौकटीत घालून शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, लावलंय, परवान्याच्या वर.

तेव्हा साहेब, तुमचे मनापासून आभार. लॉरा स्मिथ यांचे आभार. आणि रात्रीबेरात्री हेडफोन लावून, एक पैसा न घेता, तारीख-वेळ-फ्रिक्वेन्सी वहीत टिपणाऱ्या त्या सगळ्या निरीक्षकांचे, ज्यांची नावं आम्हाला कधी कळणार नाहीत. माझ्या बायकोनं हे पत्र वाचून दोन ठिकाणी दुरुस्त्या केल्या आणि तुम्हाला तिचा नमस्कार कळवायला सांगितला. दर मंगळवारी रात्री आठ वाजता आमच्या रिपीटरवर नव्या परवानाधारकांसाठी नेट असतं. ते ती चालवते. कधी या बाजूला आलात तर जरूर चेक-इन करा.

तब्येतीला जपा.

७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा),
न्यू जर्सीतला एक मराठी हॅम