सीमेपारचा शिक्का, घरचे ओझे

महोदय,

देशातल्याच वर्गणीदारांचे अंक ट्रकने सीमेपार न्यायचे, तिथे स्वस्तात पोस्टात टाकायचे आणि परदेशी टपाल म्हणून घरी आणायचे, ही पळवाट बंद व्हावी. १९७१ पूर्वी परदेशातून आलेले टपाल वाटणाऱ्या देशाला पाठवणाऱ्या देशाकडून मोबदलाच नव्हता. पत्राला उत्तर जाते, हिशेब फिटतो, असे गृहीत होते. पुढे मोबदला आला तो वजनावर. पण पोस्टमनची पायपीट किलोत मोजता येत नाही! २० ग्रॅमची पाकिटे एका किलोत ५० बसतात, म्हणजे ५० दारे. जागतिक टपाल करार अशा सीमेपार टाकून आणलेल्या टपालावर वाटणाऱ्या देशाला देशांतर्गत दर मागू देतो, न भरल्यास गठ्ठा परत पाठवू देतो. परतीचा पत्ता इथला आणि शिक्का बाहेरचा, एवढे तरी आयात टपाल फोडताना तपासा.

– एक वर्गणीदार