विषय: ‘३० अँपिअर’ म्हणून नोंदवलेल्या सॉकेटमध्ये २४० व्होल्ट, जागेची नोंद तातडीने थांबवण्याबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय/महोदया,

तुमच्या ॲपवरून आम्ही अमेरिकेतल्या एका खासगी शेतावरची आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, उभी करण्याची जागा तीन रात्रींसाठी घेतली होती. नोंदीत ‘३० अँपिअर वीज, पाणी, ३५ फुटांपर्यंतची गाडी’ असे होते. प्रत्यक्षात त्या सॉकेटमध्ये १२० ऐवजी २४० व्होल्ट होते. प्लग लावण्याआधी मीटर लावल्यामुळे गाडी वाचली. जागा सोडून त्याच संध्याकाळी तुम्हाला कळवले. उत्तर आले की, जागेवर वीज असल्याचे जागामालक सांगतात, सबब परतावा देता येणार नाही. ती जागा आजही बुकिंगसाठी खुली आहे. आमची मुख्य तक्रार हीच आहे, पैशांची बाब त्यानंतरची.

हा दोष कसा होतो ते मुद्दाम सविस्तर लिहीत आहोत, कारण तुमच्याकडे तो कुणी समजून घेतल्याचे उत्तरावरून दिसत नाही. आरव्हीसाठीचे ३० अँपिअरचे सॉकेट, म्हणजे टीटी-३०, हे १२० व्होल्टचेच असते. त्यात दोन तिरप्या चपट्या खाचा आणि एक गोल भोक असते, म्हणजे एक फेज, एक न्यूट्रल आणि एक अर्थ. पण अमेरिकी घरांत कपडे वाळवण्याच्या यंत्राचे जुन्या पद्धतीचे सॉकेटही तीन खाचांचे आणि ३० अँपिअरचे असते, आणि ते २४० व्होल्टवर चालते. घरांचे वायरिंग करणाऱ्या, पण आरव्हीचे काम कधी न केलेल्या इलेक्ट्रिशियनची इथेच गल्लत होते. तो दुहेरी ब्रेकर बसवतो आणि दोन्ही चपट्या खाचांना वेगवेगळ्या फेज देतो. न्यूट्रल कुठेच येत नाही. सॉकेट बाहेरून अगदी बिनचूक दिसते, प्लगही सहज बसतो, आणि गाडीतल्या १२० व्होल्टच्या प्रत्येक उपकरणाला दुप्पट दाब मिळतो. कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह, फ्रिजचे सर्किट बोर्ड, जे चालू असेल ते जळू शकते. साधा सर्ज प्रोटेक्टर अशा वेळी स्वतः जळतो, पुरवठा तोडेलच असे नाही. साधारण १०४ व्होल्टच्या खाली आणि १३२ च्या वर वीज तोडणारे ईएमएस नावाचे संरक्षक उपकरण मिळते, पण ते प्रत्येक गाडीत नसते.

आमच्या मीटरवर दोन चपट्या खाचांमध्ये २४१ व्होल्ट आले, आणि प्रत्येक खाच ते अर्थ मोजल्यावर १२० च्या आसपास. जोडणी बरोबर असती तर फेज–न्यूट्रल १२०, फेज–अर्थ १२० आणि न्यूट्रल–अर्थ जवळजवळ शून्य आले असते. ‘तपासले, १२० येते,’ असे जागामालक सांगतात. खाच आणि अर्थ यांमध्येच मोजले तर तसे येणारच, त्यामुळे ते खोटे बोलतात असे आमचे म्हणणे नाही. दोन चपट्या खाचांमध्ये मोजा, एवढेच त्यांना कुणीतरी सांगायला हवे होते. दुरुस्तीही मोठी नाही. दुहेरी ब्रेकरच्या जागी ३० अँपिअरचा एकेरी ब्रेकर, सॉकेटच्या न्यूट्रल खाचेतली तार पॅनेलमधल्या न्यूट्रल पट्टीवर, आणि तांब्याची तार १० गेजची (गेज म्हणजे जाडीचे माप, आकडा जितका मोठा तितकी तार बारीक) आहे ना याची खात्री. काम मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करावे.

तुमच्या ॲपवर जागा नोंदवण्याच्या अर्जात जागामालकाला विजेसाठी फक्त एक खूण करावी लागते. त्याच खुणेआड दुसरी अडचणही लपते. घराचे साधे १५ अँपिअरचे सॉकेट, त्यावर अडॅप्टर आणि १०० फुटांची एक्स्टेन्शन, यालाही काही जण ‘३० अँपिअर’ म्हणतात, कारण प्लग बसतो. अशा सॉकेटमधून सलग १२ अँपिअर, म्हणजे १४४० वॅट, इतकेच घ्यावे. छतावरचा एसी एकटाच जवळजवळ तेवढे घेतो. एक्स्टेन्शन १६ गेजची असेल तर १२ अँपिअरला तिच्यातच साडेनऊ व्होल्ट जातात. मुळात पुरवठा ११४ असला तर गाडीपर्यंत १०४–१०५ पोहोचतात, एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना अडखळतो आणि अडॅप्टर तापून वितळू लागतो.

‘३५ फूट’ हेही उभे राहण्याच्या जागेचे माप होते. फाटकाची रुंदी, आतले वळण आणि वाकलेल्या फांद्यांची उंची कुठेच नव्हती. साडेतेरा फूट उंचीच्या गाडीला ही मापे आधी लागतात.

आमची मागणी अशी. ती नोंद आजच थांबवा आणि सॉकेटची दुरुस्ती होऊन नवी मोजमापे मिळेपर्यंत उघडू नका. त्या जागेचे पुढचे बुकिंग ज्यांच्याकडे आहे त्यांना तुम्ही स्वतः कळवा, हे काम जागामालकावर सोडू नका. ३० अँपिअर लिहिणाऱ्या प्रत्येक जागामालकाकडून सॉकेटचा आणि ब्रेकरचा फोटो मागवा. टीटी-३० च्या ब्रेकरला दोन खटके एकत्र जोडलेले दिसले, तर ती जागा तपासल्याशिवाय दाखवू नका. आणि आमचे तीन रात्रींचे पूर्ण पैसे, तुमच्या सेवाशुल्कासह, परत करा.

मीटरचे, सॉकेटचे आणि ब्रेकरचे फोटो, तसेच बुकिंगची पावती सोबत जोडली आहे. लेखी उत्तर सात दिवसांत मिळावे. नोंद थांबवायला मात्र सात दिवस लावू नयेत, कारण येत्या शनिवारी तिथे दुसरी गाडी येणार असल्याचे जागामालकांनीच आम्हाला सांगितले आहे.

आपले,
बुकिंगधारक ग्राहक